दोन दफ्तरांचा मेळ

वऱ्हाडातील कापसाच्या व्यापाराचा इतिहास लिहिताना खामगावच्या पेठेला वगळून कोणाही लेखकाचे चालत नाही. परंतु त्या इतिहासात गाठींची संख्या, भावांची चढउतार, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि आगगाडीचे आगमन यांना जितके स्थान मिळाले आहे, तितके त्या व्यापाराच्या लेखनव्यवहाराला मिळालेले नाही, आणि ही उणीव भरून काढण्याजोगी आहे असे मला मनापासून वाटते. कापूस एका गावी पिकतो, दुसऱ्या गावी विकला जातो, तिसऱ्या गावी दाबून त्याच्या गाठी होतात, आणि त्याचे पैसे चौथ्या गावी जमा पडतात. हा सारा व्यवहार ज्या वह्यांत उतरतो त्या वह्या एकमेकींपासून शेकडो मैल दूर असतात, आणि तरीही त्या सर्वांनी एकच हकीकत सांगितली पाहिजे अशी अपेक्षा असते. परस्परांपासून दूर असलेल्या दोन नोंदी एकरूप कशा ठेवाव्यात, हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आला अशी आजच्या तरुणांची समजूत असणे स्वाभाविक आहे. वस्तुतः आमच्या पटवाऱ्यांनी, देशपांड्यांनी, मुनिमांनी आणि गुमास्त्यांनी तो प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या हाताळला, त्याची स्वतःची शिस्त बसविली, आणि १९९६ साली ऑस्ट्रेलियात निर्माण झालेल्या ‘आरसिंक’ नावाच्या छोट्याशा संगणकीय साधनाने जी रीत यंत्राला शिकविली तिची मूलतत्त्वे या शिस्तीत आधीपासूनच नांदत होती.

प्रारंभ राज्यकारभाराच्या दफ्तरापासून करणे इष्ट. पेशवाईत पुण्याच्या हुजूर दफ्तराची दोन मोठी अंगे होती: चालू व्यवहाराचे ‘चालते दफ्तर’ आणि ठिकठिकाणाहून आलेले हिशेब सदरवार लावून त्यांचा एकत्रित गोषवारा सिद्ध करणारे ‘एक बेरीज दफ्तर’. मूळ नोंद जेथे घडते तेथेच ती राहावी, आणि तिचे सार मात्र दुसऱ्या ठिकाणी पोहोचून तेथील नोंदींशी ताडून पाहिले जावे, ही व्यवस्था त्यामागे होती. गावपातळीवरही तेच तत्त्व होते. गावचा हिशेब कुलकर्णी किंवा पटवाऱ्याच्या रुमालात असे, परगण्याचा हिशेब देशपांड्याच्या दफ्तरात असे, आणि वतनाचा किंवा जमाबंदीचा तंटा उपस्थित झाला म्हणजे दोन्ही दफ्तरे समोरासमोर मांडून त्यांचा मुकाबला होई. वऱ्हाडात तर या व्यवस्थेला आणखी एक पेच होता. अठराव्या शतकात येथे निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुअमल चालू होता. एकाच गावाच्या वसुलात दोन सरकारांचा वाटा, आणि म्हणून एकाच पिकाच्या आकारणीवर दोन सरकारांच्या कारकुनांची नजर. १८०३ साली देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलखावरील भोसल्यांचा अधिकार सुटला, १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, त्यानंतरच्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमीनमोजणी सुरू झाली, आणि १९०५ च्या पुनर्रचनेत खामगाव तालुका अकोला जिल्ह्यातून बुलढाणा जिल्ह्यात आला. सत्ता बदलली, जिल्हा बदलला, तरी शेताचा बांध आणि त्या बांधावरचा हक्क जागच्या जागीच असतो. तो अबाधित ठेवावयाचा तर जुन्या कचेरीतील नोंद आणि नव्या कचेरीतील नोंद यांत तसूभरही अंतर पडता कामा नये.

ही निश्चिती कशी साधली जाई, याचे उत्तर जुन्या नकलांच्या कपाळावरच लिहिलेले सापडते. ‘नक्कल बरहुकूम अस्सल’ हा शेरा, आणि त्याच्या पुढच्या काळात शासकीय नकलांवर दिसणारी ‘नक्कल करणार’ व ‘रुजुवात घेणार’ अशा दोन निराळ्या सह्यांची जागा, यांत फार मोठे शहाणपण साठविलेले आहे. ज्याने नक्कल उतरविली त्यालाच ती बरोबर आहे की नाही हे विचारणे निरर्थक होय. कारण ज्या डोळ्यांनी चूक केली त्याच डोळ्यांना ती पुन्हा दिसत नाही. म्हणून उतरविणारा एक आणि ताडून पाहणारा दुसरा असा दंडक घातला गेला, आणि प्रत तयार होणे व प्रत प्रमाण ठरणे या दोन स्वतंत्र क्रिया मानल्या गेल्या.

आता पेठेकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून दूरदूरच्या पेठांकडे जाई. १८२५-२६ च्या सुमारास विकाजी व पेस्तनजी मेहेरजी या पारशी व्यापाऱ्यांनी या मुलखातून मुंबईकडे पाठविलेला कापूसही बैलांच्या तांड्यांनीच घाट उतरला. खामगावची पेठ याच काळात उदयास आली. माल असा आठवडेच्या आठवडे वाटेवर असता हिशेब दोन ठिकाणी वाढत असे: इकडे पेढीच्या रोजमेळात आणि तिकडे मुंबईच्या आडत्याच्या खात्यात. पैसा रोख न पाठविता हुंडीने पाठविला जाई, आणि हुंडी म्हणजे कागदाचा एक तुकडा. तो वाटेत हरवला तर काय, या प्रश्नाला सराफी व्यवहाराने दिलेले उत्तर आजही विचार करावयास लावते. मूळ हुंडी गहाळ झाली तर तिच्याऐवजी ‘पेठ’ लिहून देत. पेठही गहाळ झाली तर ‘परपेठ’. आणि तीही न पोहोचल्यास अखेर पंचांच्या साक्षीने मेजरनामा. प्रत्येक नव्या प्रतीत आधीच्या प्रतीचा उल्लेख असल्यामुळे चार कागद निघाले तरी रक्कम एकदाच फेडली जाई, आणि फेडलेली हुंडी ‘खोका’ म्हणून पेढीवर जपून ठेवली जाई. प्रती अनेक असाव्यात, परंतु त्या सर्व मिळून एकाच व्यवहाराच्या साक्षीदार आहेत हे कोणत्याही प्रतीवरून उघड व्हावे, हा दंडक आमच्या सराफांनी कोणत्याही यंत्राच्या मदतीवाचून पाळला.

वर्षअखेरीस दोन पेढ्यांचा मेळ घालण्याची रीतही तितकीच मननीय होती. खामगावच्या मुनिमाने वर्षातील सर्व नोंदी उतरवून मुंबईला पाठवावयाच्या आणि तेथील गुमास्त्याने त्या एकेक करून पाहावयाच्या, असे केले असते तर दिवाळीचे वहीपूजन शिमग्यापर्यंत लांबले असते. म्हणून प्रथम फक्त बाकी कळविली जाई. दोन्हीकडची बाकी जुळली तर बहुधा काम आटोपले. न जुळली तर महिन्यामहिन्याची बेरीज, मग पानापानाची बेरीज, आणि ज्या पानाची बेरीज भिन्न निघेल त्या पानावरील नोंदी तेवढ्या तपासावयाच्या. अशा रीतीने हजारो नोंदींच्या वहीतून तफावतीची एक नोंद थोड्या पत्रव्यवहारात सापडे. परंतु अनुभवी मुनीम केवळ बेरजेवर विसंबत नसे. एका नोंदीत दहा रुपये अधिक आणि दुसरीत दहा रुपये उणे पडले, तर बेरीज जुळते आणि दोन्ही चुका कायम राहतात, हे त्याला ठाऊक असे. म्हणून संशयाच्या जागी तो हुंडीचा आकडा, तिथी, आसामीचे नाव आणि गाठींची खूण अशा दुसऱ्या, अधिक काटेकोर कसोट्या लावी. आणखी एक पेच असे. आरंभीच एखादी नोंद एका वहीत अधिक पडली म्हणजे त्यापुढील प्रत्येक पानाची सुरुवात आणि अखेर सरकत जाते, पाने पानांशी जुळेनाशी होतात, आणि नोंदी तर बहुतेक त्याच असतात. अशा वेळी पानाच्या मर्यादा बाजूस ठेवून नोंदींच्या ओळी खालीवर सरकवीत जुळणी शोधावी लागे.

१८७० साली या व्यवहाराचा वेगच पालटला. जलंब स्थानकाहून खामगावपर्यंतचा सुमारे आठ मैलांचा रेल्वेफाटा त्या वर्षी खुला झाला, आणि त्या समारंभास गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो जातीने उपस्थित होते, यावरून अमेरिकन यादवी युद्धानंतर लँकेशायरच्या गिरण्यांच्या दृष्टीने या पेठेचे महत्त्व किती वाढले होते याची कल्पना येते. त्याच वर्षी तांबड्या समुद्रातून टाकलेल्या तारेने मुंबई इंग्लंडशी जोडली गेली, आणि लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याचा शब्द वऱ्हाडात पोहोचण्यास आगबोटीची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. परंतु तारेचा प्रत्येक शब्द पैशांनी मोजला जाई. साहजिकच जे दोन्ही टोकांना आधीपासून ठाऊक आहे ते पुन्हा पाठविणे म्हणजे उधळपट्टी ठरली. व्यापाऱ्यांनी सांकेतिक शब्दांचे छापील कोश वापरावयास आरंभ केला. एकाच कोशाची प्रत दोन्ही कचेऱ्यांत असल्यामुळे एका शब्दात अख्खे वाक्य मावू लागले, आणि तारेवरून केवळ बदल तेवढा जाऊ लागला: भावात पडलेला फरक, गाठींची वाढलेली संख्या, रवानगीची नवी तारीख. वऱ्हाडच्या कापसात पुढे मोठा वाटा उचलणारी फोल्कार्ट ब्रदर्स ही स्विस पेढी तर १८५१ साली विंटरथूर आणि मुंबई अशा दोन शहरांत एकाच वेळी स्थापन झाली होती. जन्मापासूनच दोन दफ्तरे असलेल्या अशा संस्थांना हा मेळ म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न होता. इकडे मालाच्या वजनमापाच्या बाबतीतही शेतकरी आणि खरेदीदार या दोघांच्या आकड्यांपलीकडे तिसरी साक्ष असावी म्हणून १८८६ साली कारंजा येथे नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला.

या पार्श्वभूमीवर आरसिंककडे पाहिले म्हणजे त्याचे मर्म सहज उलगडते. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते १९९६ च्या जूनमध्ये प्रसिद्ध केले, आणि ट्रिजेल यांनी १९९९ च्या आपल्या प्रबंधात त्याची सविस्तर मीमांसा केली. दोन संगणकांमधील दुवा मंद आहे, दोन्हीकडे एकाच फाइलच्या किंचित भिन्न प्रती आहेत, आणि संपूर्ण फाइल पाठविणे परवडत नाही: ही त्यांची अडचण आणि तारेवर पैसे मोजणाऱ्या कापूस-व्यापाऱ्याची अडचण मुळात एकच होती. त्यांनी काढलेला मार्ग असा. ज्याच्याजवळ जुनी प्रत आहे तो संगणक त्या फाइलचे समान आकाराचे तुकडे पाडतो, आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन गोषवारा-संख्या काढून त्यांची यादी तेवढी पाठवितो. पहिली संख्या हलकी, झटपट निघणारी. दुसरी जड, काढण्यास श्रम पडणारी, परंतु दोन भिन्न तुकड्यांची ती एकच निघण्याचा संभव जवळजवळ शून्य. नवी प्रत असलेला संगणक ही यादी हाती घेऊन आपल्या फाइलमध्ये प्रत्येक अक्षरस्थानापासून जुळणी शोधतो. एक अक्षर पुढे सरकताना मागचे एक अक्षर वजा आणि पुढचे एक मिळवले की हलकी संख्या नव्याने सिद्ध होते, त्यामुळे हा शोध वेगाने चालतो. हलकी संख्या जुळली तरच जड संख्येची कसोटी लावली जाते. जो भाग जुळला त्याबद्दल ‘तुझ्याजवळचा अमुक क्रमांकाचा तुकडा घे’ एवढाच निरोप जातो, आणि जो जुळला नाही तो मजकूर तेवढा प्रत्यक्ष पाठविला जातो. शेवटी सिद्ध झालेल्या संपूर्ण फाइलची रुजुवात होते, आणि ती न उतरल्यास काम पुन्हा केले जाते. पानाची बेरीज, बेरजेपलीकडची काटेकोर कसोटी, सरकलेल्या ओळींची जुळणी, आणि फक्त तफावतीची रवानगी: मुनिमाच्या रीतीतील चारही अंगे येथे गणिताच्या भाषेत अवतरली आहेत.

हे साधन चालविण्यासाठी चित्रे आणि खिडक्या यांची गरज नाही. संगणकाच्या कमांड लाइनवर एक ओळ लिहावयाची असते, आणि तिच्यात मूळ कोणते व लक्ष्य कोणते हे क्रमाने सांगावयाचे असते. येथेच दक्षतेची जागा आहे. क्रम उलटला तर जुनी प्रत नव्या प्रतीवर बसते आणि दिवसाचे काम नाहीसे होते. एरवी आरसिंक केवळ आकार आणि बदलाची वेळ पाहून फाइल तीच आहे असे मानते. घड्याळे चुकलेली असतील तर हा निवाडा फसू शकतो, आणि तेव्हा संपूर्ण मजकुराची तपासणी मागण्याची सोय वापरावी लागते. ‘डिलीट’ हा पर्याय दिल्यास मूळ ठिकाणी जे पुसले गेले ते लक्ष्याच्या ठिकाणीही पुसले जाते. म्हणून आधी ‘ड्राय-रन’ करून, काय घडणार आहे याची यादी डोळ्यांखालून घालावी आणि मगच खरा हुकूम सोडावा. आमच्या महसुली परंपरेला हा धोका फार पूर्वी उमगला होता. सातबाऱ्यावरील जुन्या खातेदाराचे नाव खोडून काढीत नाहीत. त्याला कंस करतात, आणि कोणत्या फेरफाराने हा बदल झाला त्याचा क्रमांक शेजारी नोंदवितात. आरसिंकमध्येही दर दिवसाची प्रत निराळी ठेवून न बदललेल्या फाइली केवळ दुव्याने जोडण्याची सोय आहे, आणि ज्याला कालची स्थिती उद्या पाहण्याची गरज पडू शकते त्याने ती अवश्य योजावी.

दोन्ही प्रतींत स्वतंत्रपणे बदल झाले तर मात्र प्रश्न कठीण होतो, आणि याचे उदाहरण विदर्भाच्या भूमीतच आहे. ऋद्धपूर येथे म्हाइंभटाने श्रीचक्रधरांच्या लीळा संकलित केल्या, तेव्हा ठिकठिकाणी जाऊन मिळविलेली प्रत्येक आठवण त्याने नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतली. परंतु परंपरा सांगते की पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली, आणि अनेकांनी आपापल्या स्मरणातून लीळाचरित्र पुन्हा सिद्ध केले. त्यामुळे एकाऐवजी अनेक पाठ निर्माण झाले, आणि त्यांतील कोणता ग्राह्य हे ठरविण्यासाठी महानुभाव आचार्यांना आणि आधुनिक संशोधकांना आयुष्ये वेचावी लागली. आरसिंक एकाच दिशेने चालते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील बेंजामिन पीअर्स यांच्या पुढाकाराने तयार झालेले ‘युनिसन’ हे साधन दोन्ही दिशांचे बदल जुळविते, पण एकाच फाइलमध्ये दोन्हीकडे बदल झालेले आढळले तर तेही निवाडा माणसाकडेच सोपविते. हे योग्यच आहे. कोणता पाठ खरा हे तारखेवरून ठरत नाही. त्यासाठी जाणकाराची विवेकबुद्धी लागते.

आमच्या काळात या साऱ्या परंपरेची कसोटी महाराष्ट्रात एका प्रचंड कामात लागली. तलाठ्यांनी हाताने लिहिलेले सातबारे संगणकावर उतरविल्यानंतर हस्तलिखित आणि संगणकीय अशा दोन प्रती राज्यभर अस्तित्वात आल्या, आणि त्या दोन्हींत भेद राहिला तर शेतकऱ्याच्या हक्कावरच गदा येणार हे उघड होते. म्हणून २०१७ साली गावोगावी चावडी वाचनाची मोहीम झाली; संगणकीय सातबारा खातेदारांसमोर वाचून दाखवावयाचा, आणि क्षेत्र, नाव किंवा बोजा यांत तफावत असल्यास ती तेथेच सांगावयाची. यंत्राने केलेल्या नकलेची रुजुवात घेण्यासाठी ज्याचा हक्क त्या नकलेवर अवलंबून आहे त्या माणसालाच पाचारण करण्यात आले, ही घटना आमच्या दफ्तरपरंपरेला साजेशी होती. आज खामगावच्या बाजार समितीच्या आवारात, जिनिंग कारखान्यांत आणि चांदीच्या पेढ्यांवर हिशेब संगणकात ठेवले जातात. एक प्रत दुकानी, एक घरी आणि एक कोठेतरी दूरच्या सर्व्हरवर असते. साधने मुबलक झाली आहेत. दुसरी प्रत आहे एवढ्यावरच समाधान मानण्याची वृत्तीही त्याबरोबर वाढली आहे, आणि ती घातक आहे. कारण जी प्रत कधी ताडून पाहिली नाही तिच्यावर विसंबणे म्हणजे प्रतच नसणे होय.

म्हणून या नगरीतील जुन्या घराण्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. माळ्यांवर आणि कोठ्यांत पडलेल्या मोडी वह्या, हुंड्या, खोके आणि तारेचे कागद ही केवळ एखाद्या कुटुंबाची मालमत्ता नाही. वऱ्हाडच्या कापसाने जगाशी कसा व्यवहार केला याची ती अस्सल साक्ष आहे, आणि वाळवी व ओल यांना तिची किंमत कळत नाही. घरातील तरुणांनी त्यांची छायाचित्रे घ्यावीत, संगणकावर तिथीवार लावावीत, आणि ती एकाच कपाटात न ठेवता खामगावात एक व दुसऱ्या गावी एक अशा दोन ठिकाणी ठेवावीत. आरसिंकसारखे साधन त्यासाठी विनामूल्य उपलब्ध आहे. मात्र प्रत कोणीही करो, रुजुवात दुसऱ्याने घ्यावी, आणि दरवर्षी दिवाळीच्या वहीपूजनाच्या आधी ती एकदा तरी अवश्य घ्यावी.